शर्यतीचा दिवस

बारा ऑक्टोबर. अमरावती रोडच्या रोपवाटिकेत
जंबेरीचे खुंट यंदा लवकर पेन्सिलीएवढे झाले,
म्हणून मुकादमानं दिवाळीची वाट पाहिली नाही.

मी डोळे बांधत होतो.
सालीत एक आडवी चीर, एक उभी,
चाकूच्या बोथट शेपटानं साल जराशी उचलायची,
संत्र्याचा डोळा आत सरकवायचा,
प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, डोळा तेवढा उघडा.
दिवसाला चारशे. हात चालतो, डोकं रिकामं.

मेक्सिकोहून आलेली हिमेना बाई
तीन आठवडे आमच्या ओळींतून वही घेऊन फिरत होती.
त्या दिवशी माझ्यासमोर उकिडवी बसली,
मोबाईलशी काहीतरी बोलली,
आणि मोबाईल मराठीत म्हणाला:
आज आमच्या देशात शर्यतीचा दिवस आहे.

"शंकरपट?" नत्थूजी मुकादमानं विचारलं.
"अन् इनाम काय ठेवते?"

ती हसली. पुन्हा बोलली, हळू, तोडून तोडून.
मग कळलं. शर्यत नाही, रक्त.
जहाजं आली, माणसं उतरली,
दोन रक्तं एक झाली.
कशी झाली ते ती बोलली नाही,
माझ्या चाकूकडे बघत राहिली.
त्या मिसळीची सुट्टी.
तिच्या गावात शाळेची पोरं नाचतात,
वडील बँडच्या कोटाला इस्त्री करतात,
आई त्या दिवशी खिडक्या लावून घेते.

"आणि तू?" मोबाईलनं मला विचारलं.

हंसराज शिर्के. कागदावर एवढंच मावतं.
बापाचा खापरपणजा भोसल्यांच्या घोड्यामागे आला,
महालातला प्रत्येक शिर्के हेच सांगतो.
माय देवलापारकडची, उईके.
तिचे लोक गोंड राजानं किल्ला बांधायच्या आधीपासूनचे,
पण तिचा खापरपणजा
आमच्या घरी कोणी विचारला नाही.

हे सगळं कसं सांगणार. मी खुंट दाखवला.
मुळं जंबेरीची, बाई.
मुरूम ती फोडते, उन्हाळा ती सोसते,
नाव लागतं वरच्या डोळ्याचं.
आणि संत्रं तरी कुठं इथलं,
तेही भोसल्यांनी आणलं म्हणतात.
ती म्हणाली, आमच्याकडे जहाजातून उतरलं.
मोबाईलनं 'खुंट'चं काय केलं देव जाणे,
बराच वेळ ती माझ्या पायांकडे बघत होती.

डोळ्याच्या खालून कधी कधी जंबेरी फुटते.
काटेरी, सगळ्या रोपात तीच जास्त हिरवी.
दिसली की छाटायची, असा नियम आहे.
माय तापात पाणी मागते तेव्हा 'येर' म्हणते.
बापानं तो शब्द चाळीस वर्षं छाटला.
शाळेच्या नळावर एकदा माझ्याच तोंडून फुटला,
आणि चौथीची अख्खी तुकडी
वर्षभर मला येऱ्या म्हणत राहिली.

संध्याकाळी गिट्टीखदानला घरी आलो.
माय तांदूळ निवडत होती.
म्हटलं, एक देश आहे,
तिथं आपल्यासारख्यांसाठी सुट्टी असते.

"तुह्यासाठी असन," ती म्हणाली.
"माह्यासाठी काऊन?
मी कुठं मिसळली?"

मग बराच वेळ
फक्त ताटातल्या खड्यांचा आवाज.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या ओळीत
एका रोपाखालची फूट माझ्याकडून राहिली.
राहिली म्हणजे ठेवली.
नत्थूजी बांधावरून ओरडला,
"काऊन बे, दिसत नाही का? चष्मा लागला का तुले?"

लागला, म्हणालो.